तंगुसाची भिंगरी

चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात प्रमोदिनीला एक मोठा शोध लागला : आपल्याला सगळं जमतं! पंधरा वर्षांत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग शाळेत मोठ्या बाईंच्या टेबलफॅनची तुटकी वायर तिने जोडून दिली, बाईंनी अख्ख्या नववीसमोर तिची पाठ थोपटली, आणि त्या दिवसापासून पोरीचे पाय जमिनीला लागेनात. घरी आली की इस्त्री उघड, रेडिओच्या पाठीचे स्क्रू काढ, शिलाई मशीनच्या पोटात बोटं घाल. तिची आई, इंदिराबाई, डोक्याला हात लावून म्हणायची, "पमू, या घरात आता उघडायची मीच तेवढी राहिलेय."

घर म्हणजे वर्ध्याला आर्वी नाक्यापलीकडे सरकारी क्वार्टर. एका ओळीत आठ क्वार्टर, आणि प्रत्येकासमोर चार खाटा मावतील एवढं गवत. प्रमोदिनीचे बाबा, अच्युतराव, पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. दिवसभर सरळ रेघा ओढून आलेल्या माणसाला घरासमोरचं गवत वाकडंतिकडं दिसलं की त्याचा चहा कडू व्हायचा. आणि गवत वाकडंतिकडंच असायचं, कारण ते भागीरथाबाई कापायच्या.

त्या मागच्या वस्तीत राहायच्या. नवरा कधीच गेला होता, एक मुलगी होती ती रोहण्याला दिलेली. घरात त्या आणि त्यांची गाय, हौशी. दर आठ दिवसांनी विळा घेऊन यायच्या, उकिडव्या बसून एकेका अंगणाचं गवत कापायच्या आणि भारा डोक्यावर घेऊन जायच्या. कापेल त्याचं गवत, असा कॉलनीचा रिवाज. कोणी कोणाला काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. फक्त हौशी व्याली की आठही घरी चिकाचा गडवा यायचा, आणि त्या दिवशी कॉलनीभर खरवसाचा वास सुटायचा.

"भागीरथाबाई, इथं जरा उंच राहिलं बघा," बाबा कुंपणाजवळून म्हणायचे.

"राहू द्या ना साहेब. तिथं मुंग्याइचं घर हाय. त्याइनं कुठं जाव?"

मग साहेब मुंग्यांना वळसा घालून आत जायचे.

अशात नरहरकाका आले. काका जर्मनीत एका कारखान्यात होते. येताना सगळ्यांना चॉकलेटं, आईला अत्तर, आणि भावाचं गवताचं दुःख पत्रांतून माहीत असल्यामुळे बाबांना एक यंत्र. लांब दांडी, खाली आंब्याएवढी मोटर, मोटरीखाली रीळ आणि रिळातून बाहेर आलेला वीतभर लाल नायलॉनचा धागा. बटण दाबलं की धागा इतका गरगर फिरायचा की दिसायचाच नाही. पातं नाही, दात नाहीत, नुसत्या धाग्याने गवत कापलं जायचं. अख्खी कॉलनी बघायला जमली. बाबांनी दांडी हातात धरून दहा मिनिटं यंत्र चालवलं, आणि मग आठ दिवस त्यांची कंबर धरली होती. शिवाय हात जरा खाली गेला की माती उकरली जायची, जरा वर गेला की गवत तसंच. काकांची पाठ वळल्यावर आईने अंगणाकडे बघून निकाल दिला, "गजकर्ण झाल्यासारखं दिसतंय."

यंत्र अडगळीत गेलं. आणि तिथे ते प्रमोदिनीला भेटलं.

तिने दोन रविवार विचार केला. चुकतंय ते यंत्र नाही, हात चुकतोय. हात वरखाली होतो. म्हणजे यंत्राला हाताने उचलायचंच नाही, त्याला जमिनीवर चालवायचं! तिने पंगतीचा एक जुना पाट घेतला. बरोबर मध्ये मोठं भोक पाडून मोटर त्यात रीळ खाली राहील अशी बसवली, दांडी मागे तिरपी बांधली, म्हणजे ढकलायला मूठ आपोआप तयार. आपल्या लहानपणच्या तीनचाकी सायकलची मागची दोन चाकं काढून पाटाच्या मागच्या बाजूला लावली. पुढे तिसरं चाक मधोमध लावलं तर गवत कापायच्या आधीच त्याच्याखाली दबायला लागलं. मग ते काढून सायकलवाल्याकडचे दोन जुने बेअरिंग पाटाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांवर बसवले. चाकांच्या पट्टीला तीन भोकं ठेवली : एक बोट, दोन बोटं, तीन बोटं उंच. जेवढं गवत ठेवायचं तेवढ्या भोकात खिळा.

"माझा पंगतीचा पाट!" आई ओरडली.

"आई, पाटावर बसून जेवणारे पुष्कळ झाले. गवत कापणारा पाट हा पहिला."

आणि खरं सांगायचं तर चाललं ते! खिडकीतून लांब वायर सोडून तिने अंगणात त्या टोकापासून या टोकापर्यंत गाडी ढकलली, वळवली, परत आणली. अंगण कॅरमबोर्डासारखं दिसायला लागलं. बाबा पायरीवर बसले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "पमू, ही रेघ तर मलाही ओढता येत नाही." शेजारच्या लीलाबाईंनी लगेच आपलं अंगण कापून मागितलं. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. आठवडाभरात आठही अंगणं प्रमोदिनीची झाली. शाळा सुटली की कॉलनीत घुंईऽऽ असा आवाज सुरू, आणि पोरगी पदवीदान समारंभाला निघाल्यासारखी गाडीमागे चालतेय.

आठव्या दिवशी भागीरथाबाई विळा घेऊन आल्या आणि कुंपणाशीच थांबल्या.

"हे काय व माय? गवत कुठं गेलं?"

प्रमोदिनीने त्यांना गाडी दाखवली, चालवून दाखवली. भागीरथाबाईंनी वाकून पाटाखाली बघितलं.

"भिंगरीच हाय म्हण की! पातं नाई, काई नाई, अन् कापते?" मग कापल्या जागेवरून त्यांनी हात फिरवला. हातात गवताचा भुगा आला, तोही वाऱ्यावर उडालेला. "अन् माह्या हौशीनं काय खाव? हवा?"

प्रमोदिनीने त्या भुग्याकडे पाहिलं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण अडून राहणं त्या दिवसांत तिला दोन मिनिटांच्या वर जमायचं नाही.

"मावशी, तुम्ही यायचंच नाही! तुमचे गुडघे दुखतात ना? बसताना किती कण्हता. मी गवत गोळा करून तुमच्या दारात आणून देते. कापायचं नाही, वाकायचं नाही. हौशीला आयतं पान!"

"तू आणून देशीन?" भागीरथाबाई हसल्या. "साहेबाची पोरगी माह्या गाईले चारा घालीन? बस पोरी, थट्टा नोको करू."

पण तिने केलं. गोड्या तेलाचा डबा कापून पत्र्याचा आडोसा केला, म्हणजे उडणारं गवत एकाच बाजूला जाईल. मागे तारेच्या कड्यात तोंड उघडं ठेवून पोतं अडकवलं. अर्धं गवत बाहेर सांडायचं, अर्धं पोत्यात यायचं. सांडलेलं ती खराट्याने गोळा करून पोत्यात भरायची, आणि संध्याकाळच्या आत पोतं सायकलच्या कॅरिअरवर बांधून वस्तीत. हौशी तिची सायकल ओळखायला लागली. घंटी वाजली की मान वर. भागीरथाबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "डोकं हाय का कारखाना हाय पोरीचं! माह्या गुडघ्याले सुट्टी देल्ली तिनं." हे ऐकायला प्रमोदिनी मुद्दाम पोतं रिकामं करायला वेळ लावायची.

श्रावण सरता सरता लाल धागा संपला. काका जर्मनीला परत गेलेले. साधा सुती दोरा दोन फेऱ्यांत फाटला, सुतळीने तर जीवच सोडला. मग तिला आठवलं, पवनारला धाम नदीच्या काठी भोई लोक ज्या नायलॉनच्या दोरीने गळ टाकतात, तो तंगूस. बसने जाऊन मोठी गुंडी घेऊन आली. तंगूस लाल धाग्यापेक्षा बारीक होता, म्हणून तिने तिपेडी पीळ घातला. कापायचा झकास, पण गाठीशी तुटायचा. फट् आवाज आला की गाडी थांबवायची, नवा वीतभर बाहेर ओढायचा, की पुन्हा घुंईऽऽ. एका अंगणात पाच-सहा वेळा. गुंडी कशी भराभर बारीक होत गेली ते तिला दिसत होतं. पण संपतो तो तंगूस जातो कुठे, हा प्रश्न तिला पडला नाही. विज्ञानात पैकीच्या पैकी घेणारीला!

प्रश्न भागीरथाबाईंनी विचारला. पोतं रिकामं करताना त्यांच्या बोटांत काहीतरी अडकलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

"पोरी, हे काय निघालं? केस हाय का काय?"

"धागा आहे मावशी, गाडीचा. एखादा येतो चुकून."

"गाईच्या पोटात गेला म्हणजे?"

"एवढासा तर आहे. शेणाबरोबर निघून जाईल." आणि मग, का कोण जाणे, तिने वर जोडलं, "आमच्या पुस्तकात आहे."

पुस्तकात असलं काही नव्हतं. भागीरथाबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. पुस्तकात आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, धागा टाकून दिला, आणि गवत गव्हाणीत लोटलं.

गौरी-गणपती झाले. एका शनिवारी प्रमोदिनी पोतं घेऊन गेली तर घंटी वाजवूनही हौशीने मान उचलली नाही.

"कालपासून खाऊन नाई राह्यली," भागीरथाबाई म्हणाल्या. "रवंथ नाई, काई नाई. पोट पाह्य कसं झालं."

डावीकडून पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं होतं. जनावरांचे डॉक्टर सायकलवरून आले, पोटावर बोटं वाजवली, तेल पाजलं, सुई दिली. "आत काहीतरी अडकलंय. काय खाल्लंय हिने?"

"गवत, कुटार, अन् सरकीची ढेप," भागीरथाबाईंनी सांगितलं. मग त्यांचा हात तोंडाशी गेला. "परवा ढेप जरा जास्त पडली माह्या हातानं. दूध कमी झालतं, म्हणून म्हटलं..."

"मग ढेपच," डॉक्टर म्हणाले.

प्रमोदिनी गव्हाणीशी उभी होती. गव्हाणीच्या तळाला जुनं, वाळलेलं गवत होतं, आणि त्यात तिच्या डोळ्यांना आता तंगूसच तंगूस दिसत होता. बोटाएवढे, वीतभर, पिळाचे, सुटे झालेले तुकडे. आतापर्यंत दिसले नव्हते कारण ते पाण्यासारखे होते, आणि कारण ती कधी गव्हाणीत बघतच नव्हती. ती भागीरथाबाईंच्या तोंडाकडे बघायची, आता काय कौतुक करतात म्हणून. तिने वाकल्यासारखं करून ते वेचले. सात निघाले. तिने ते फ्रॉकच्या खिशात घातले आणि डॉक्टर सायकलवर बसून जाईपर्यंत काही बोलली नाही.

बोलायचं होतं तेव्हाच. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी काही वेगळं केलं असतं का? कदाचित नाही. पण 'कदाचित' ही गोष्ट तिने त्यांच्या हातात दिलीच नाही.

हौशी सोमवारी पहाटे गेली. खुंट्याला बांधलेली होती, दावं गळ्यात होतं. प्रमोदिनी शाळेच्या वाटेवर वस्तीत डोकावली तेव्हा दारात माणसं होती. भागीरथाबाईंचे दीर नत्थूजी देवळीहून आलेले, फेटा मांडीवर ठेवून बसले होते.

"सोडली काऊन नाई व तू तिले?" नत्थूजी म्हणत होते. "जीव जाऊन राह्यला दिसते तर दावं नाई काढाव?"

"मले वाटलं उठीन ते," भागीरथाबाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत वाटलं. दाव्यात गेली भाऊजी माही हौशी. माह्याच दाव्यात गेली."

त्यांच्या घरचा रिवाज होता : गाय दाव्यात मेली तर ते पाप धन्याचं. धन्याने पाच दिवस मुकं राहायचं. गाईचं तेच दावं आपल्या गळ्यात घालायचं, दारोदार उभं राहायचं, मागायचं नाही, बोलायचं नाही, गाईसारखं हंबरायचं. लोक घालतील त्याच्यावर दिवस काढायचा. पाचव्या दिवशी पवनारला धाममध्ये अंघोळ, की सुटका.

"आता कोण करते व हे सगळं," नत्थूजींनाच पुढे वाईट वाटलं. "पंचाइले नारळ देऊन टाकू. तुवं वय पाह्य."

"नाई भाऊजी. मुक्या जनावराले तोंड नवतं, म्हणून तर गेलं. पाच दिवस मीबी मुकी राहीन." त्यांनी प्रमोदिनीला दारात पाहिलं. "ये पोरी. तुही हौशी गेली वं. ढेपीनं खाल्लं तिले. तू एवढं चांगलं गवत आणे, अन् म्या माह्या हातानं माती केली."

प्रमोदिनीच्या तोंडात वाक्य तयार होतं. चार शब्दांचं. तिने ते शाळेच्या वाटेवर म्हटलं, मधल्या सुट्टीत म्हटलं, संध्याकाळी विहिरीच्या काठाशी म्हटलं. फक्त जिथे म्हणायचं तिथे म्हटलं नाही. मंगळवारी गेली तर भागीरथाबाई दावं धूत होत्या. "उद्या सूर्य उगवला का तोंड बंद," त्या म्हणाल्या. "काई इचारायचं असन तं आजच इचार पोरी. मंग पाच दिवस म्या काई सांगत नसते." आणि थोडं हसल्यासुद्धा.

"काही नाही मावशी," प्रमोदिनी म्हणाली.

बुधवारी सकाळी ती वेणी घालत असताना फाटकाशी आवाज आला. आधी तिला वाटलं, खरंच एखादी गाय. मग आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं, आणि दोघींनी खिडकीतून पाहिलं. भागीरथाबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, अनवाणी, गळ्यात दावं. मान खाली घालून त्या हंबरल्या. वर्षानुवर्षं ज्यांचं बोलणं कुंपणापलीकडून ऐकलं, त्यांच्या गळ्यातून तो आवाज आला, लांब, घोगरा. बाबा पेपर टाकून उठले. "काय हा मागासपणा," असं काहीतरी म्हणायला लागले, आणि अर्ध्यातच थांबले.

प्रमोदिनी धावत सुटली. एक वेणी घातलेली, एक मोकळी. फाटक उघडलं आणि खिशातले सातही धागे तळहातावर ठेवून हात पुढे केला.

"मावशी, हौशीला मी मारलं. ढेप नव्हती. हे होतं. गव्हाणीत होते, मी लपवले. पुस्तकात काही नव्हतं मावशी, मी खोटं बोलले. तुम्ही हे काढा, हे दावं काढा ना, माझ्या गळ्यात घाला!"

भागीरथाबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. एक धागा उचलला, दोन चिमटींत धरून ताणला. तुटला नाही. पुन्हा ताणला. त्यांचे ओठ उघडले. प्रमोदिनी श्वास धरून उभी राहिली : शिवी देतील, रडतील, माफ करतील, काहीही चालेल, पण काहीतरी म्हणतील. त्यांनी ओठ मिटले. हाताची पालथी बाजू तोंडावर घट्ट दाबून धरली, इतकी घट्ट की बोटं पांढरी झाली. डोळे मात्र प्रमोदिनीवरून हलले नाहीत, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते तिला वाचता आलं नाही. कितीही बघितलं तरी.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि पुन्हा हंबरल्या. कारण या दारातून अजून काही मिळालं नव्हतं. काही मिळाल्याशिवाय दार सोडता येत नव्हतं.

आईने पीठ आणलं. भागीरथाबाईंनी पदर पसरला, पीठ घेतलं, वळल्या आणि पुढच्या फाटकाकडे चालू लागल्या.

प्रमोदिनी त्यांच्यामागे गेली. आई हाक मारत राहिली, शाळेची वेळ झाली होती. लीलाबाईंच्या फाटकाशी भागीरथाबाई हंबरल्या, लीलाबाई सूप घेऊन बाहेर आल्या, आणि प्रमोदिनी मोठ्याने म्हणाली, "काकू, यांचा काही दोष नाही. गाय माझ्यामुळे मेली. माझ्या यंत्राच्या तंगुसाने."

लीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तळहातावरच्या धाग्यांकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं वेडाबाई, एवढ्याशा दोऱ्याने कुठे गाय मरते? डॉक्टरांनी ढेप सांगितली ना." त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि घरात वळून हाक दिली, "अहो, बघा तरी! दुसऱ्याचं पाप अंगावर घेतेय पोर. केवढं मन! इंदिराबाईंची पोरगी म्हणजे पोरगी आहे हो!"

"नाही काकू, खरंच! मावशींनी मला आधीच विचारलं होतं. विचारा त्यांना—"

ती वळली. जगात एकच माणूस होतं जे सांगू शकलं असतं, की ही खरं बोलतेय, ही चांगली मुलगी नाही. सुपातले तांदूळ पदरात घेऊन भागीरथाबाई तिसऱ्या फाटकापाशी पोचल्या होत्या, आणि मान खाली घालत होत्या.